कोंडू पाण्याखालचं बघायला जातो

वैशाखऱ्यात विहिरीत काही पडलं की लोक आधी कोंडूकडे धावायचे. कळशी असो, मोटरीचा फुटवॉल असो, नाहीतर माळशेजला फिरायला आलेल्या एखाद्या हौशी पाहुण्याचा मोबाईल असो. कोंडू सदरा काढून विहिरीच्या काठावर ठेवायचा, कमरेला दोर बांधायचा, दोराचं दुसरं टोक बायकोच्या हातात द्यायचा आणि छाती भरून हवा घेऊन बुडी मारायचा. दोर धरायला गावात धडधाकट गडी पुष्कळ होते, पण त्याला सकुबाईच लागायची. "बाकीचे गप्पा मारतात," तो म्हणायचा. "ही मारीत नाय. हिची नजर दोरावरून हलत नाय."

साठीला टेकला तरी त्याचा दम तसाच होता. मनात मात्र एक रुखरुख होती, आणि ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. अर्धा जन्म पाण्याखाली जाण्यात गेला, पण पाण्याखाली काय असतं ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. विहिरीच्या तळाला काळोख आणि गाळ. डोळे उघडे ठेवा, नाहीतर मिटा, फरक काही नाही. जे काय शोधायचं ते हातानं चाचपून.

म्हणून त्याच्या मुलीनं, रेश्मानं, फोनवर तो व्हिडिओ दाखवला तेव्हा कोंडू भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसून राहिला. रेश्मा वाशिंदच्या एका कंपनीत लॅबमध्ये होती, तिथंच मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला घरी यायची. व्हिडिओत एक माणूस समुद्राच्या तळाशी वाळूवर मांडी घालून बसला होता. आजूबाजूनं पिवळे, निळे मासे फिरत होते आणि त्या माणसाच्या तोंडातून बुडबुडे वर चालले होते.

"त्यो श्वास घेतो गो?"

"घेतो ना. पाठीवर हवेची टाकी असते. तोंडात नळी."

"आणि दिसतं?"

"सगळं दिसतं, बाबा. डोळ्यांवर काच असते."

कोंडूनं व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग परत एकदा. आमटी गार झाली. शेवटी तो हळूच म्हणाला, "मला जमंल?"

रेश्माला अंदमानला जायचंच होतं. रजा साठली होती, बरोबर कोण येणार एवढाच प्रश्न होता, आणि तो असा जेवता जेवता सुटला. तिनं आईलाही गळ घातली, पण सकुबाईनं हात झटकले. "म्हस कोन बघंल? आणि मला ते इमान नको, बोट नको. तुमी दोघं जा." मग ताट उचलता उचलता म्हणाली, "येक मात्र सांगते, रेशमे. तिथं मी नसणार. यांना पाण्यात कोनाच्या हवाली करतेस ते नीट बघ."

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. कोंडूनंच केलं, दुसऱ्या कोणी नाही. दुधाच्या डेअरीवर सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, मुरबाडच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. टपरीवर त्याचा जुना दोस्त रघू म्हणाला, "काळ्या पाण्यावर? गुन्हा काय केलास रे?" आणि सगळे हसले. कोंडूही हसला. त्या दिवसांत त्याला कशाचाच राग येत नव्हता. शहापूरच्या बाजारातून रेश्मानं आणलेला पोहण्याचा चष्मा लावून तो दोनदा विहिरीत उतरला. हिरवट अंधार आणि स्वतःच्या हातांचे पंजे, याउप्पर काही दिसलं नाही. तरी वर येऊन सकुबाईला म्हणाला, "हात दिसले गो मला! माझेच हात!"

आता डायव्हिंग कोणाकडे करायचं ते ठरवायचं होतं. बेटावर अशी दुकानं ढीगभर. रेश्मानं त्यातली थोडी निवडली आणि एका रविवारी ओटीवर बसून, फोन स्पीकरवर टाकून, एकेकाला विचारायला सुरुवात केली. कोंडू आणि सकुबाई दोन्ही बाजूंनी कान लावून बसली.

पहिल्या माणसाचा आवाज मधाळ होता. रेश्मा म्हणाली, वडील साठ वर्षांचे आहेत. "हो जाएगा मॅडम." कधी डायव्हिंग केलेलं नाही. "हो जाएगा." एका इन्स्ट्रक्टरबरोबर किती जण असतात? "अरे मॅडम, आप टेन्शन मत लो, सब हो जाएगा! अंकल को फोन दो." मग त्यानं कोंडूला असं काही लाडीगोडीनं बोलून घेतलं की जणू जन्माची ओळख. फोटो फुकट, व्हिडिओ फुकट, वर नारळपाणी. कोंडू खूश. "हाच बरा," तो म्हणाला. "माणूस मोकळा हाय."

दुसऱ्या ठिकाणाहून नुसती लिंक आली. तिथं माणूस बोलायलाच तयार नव्हता.

तिसऱ्या फोनवर बाई होती. नाव मर्सी. तिनं सांगायच्या आधी विचारायलाच सुरुवात केली. वय किती? दमा? बीपी? साखर? बिडी ओढतात का? कानाचं कधी दुखणं झालं होतं? काही ऑपरेशन? परतीचं विमान कधी आहे?

कोंडूनं रेश्माच्या कानाशी तोंड नेलं. "सोयरीक जुळवायची हाय काय हिला?"

विमानाचं का विचारता, असं रेश्मानं विचारलं, तर मर्सी म्हणाली, डायव्ह केल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत विमानात बसायचं नाही. रक्तात शिरलेली हवा बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. शेवटच्या दिवशी तुम्ही कितीही हट्ट केलात तरी मी पाण्यात नेणार नाही. आणि येण्याआधी वडिलांना डॉक्टरला दाखवून आणा.

आता मात्र कोंडूला राहवलं नाही. त्यानं फोन ओढून घेतला आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत ठणकावलं, "मैं विहीर में बुडी मारता है! कितना साल से! मेरेकू डॉक्टर काय को?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अंकल, फिर तो आप सबसे मुश्किल हो. आपको साँस रोकने की आदत है. मेरे साथ एक ही नियम है, साँस रोकना मना."

कोंडू फोनकडे बघतच राहिला. पाण्याखाली श्वास रोखायचा नाही? मर्सीनं समजावलं. टाकीतली हवा खोल पाण्यात दाबलेली असते. ती छातीत कोंडून माणूस वर आला तर हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून घ्यायचा आणि सोडायचा, घ्यायचा आणि सोडायचा. "एक इन्स्ट्रक्टर, एक आदमी," ती शेवटी म्हणाली. "अंकल के साथ मैं खुद रहूँगी."

फोन ठेवल्यावर बापलेकीची जुंपली. कोंडूला पहिलाच हवा होता. "ह्या बाईनं तर नुसती भीती घातली. त्यो बघ कसा, हो जाएगा म्हनला!"

"म्हणूनच तो नको, बाबा. मी काहीही विचारलं तरी त्याचं एकच उत्तर."

"आन् डॉक्टरनं नाय म्हटलं तर?"

हे बोलल्यावर कोंडूचा चेहरा असा काही उतरला की रेश्माला त्याची खरी भीती कळली. माणूस दवाखान्याला नाही, नकाराला घाबरला होता. तिनं त्याचा हात धरला. "नाही म्हटलं तर आपण काठावरून मासे बघू. पण विचारायचं खरं."

सकुबाई सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मी लेकीच्या बाजूनं."

मुरबाडच्या डॉक्टरनं छाती ऐकली, बीपी मोजलं, कानात दिवा घालून बघितलं आणि एका कानातून मळाचा हा एवढा बोळा काढला. बाकी गडी ठणठणीत. परत येताना कोंडू एसटीत दचकून म्हणाला, "रेशमे, ही गाडी येवढी वाजते?" घरी सकुबाई चुलीपाशी काहीतरी पुटपुटली तर तो लगेच म्हणाला, "ऐकलं मी." तेव्हापासून तिला जपून पुटपुटावं लागलं.

माघ सरता सरता दोघं निघाली. विमानात कोंडूनं खिडकी सोडली नाही. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेटाच्या बोटीत बसल्यावर तर तो काचेला चिकटूनच बसला. असलं पाणी त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. किनाऱ्याजवळ कोवळ्या भाताच्या रोपासारखं हिरवं, पुढं मोरपंखी, आणि त्याहून पुढं काळंनिळं. बोटीत एसी कडक होता. रेश्मा शाल देत होती, पण त्याला काचेवरून नाक काढायचं नव्हतं. उतरला तो शिंकतच.

मर्सीचं दुकान म्हणजे नारळीखाली एक पत्र्याची शेड होती. धुतलेले पोशाख दांडीवर वाळत घातलेले, टाक्या ओळीनं उभ्या. मर्सी पन्नाशीच्या आतबाहेरची, बुटकी, उन्हानं रापलेली बाई. तिनं कोंडूला पाहिलं, त्याची शिंक ऐकली आणि नळी हातात द्यायच्या आधी म्हणाली, "नाक पकड़ के धीरे से फूँक मारो अंकल. कान खुलता है?"

कोंडूनं फुंकलं. एक कान सुटला, दुसरा नाही. त्यानं खोटंच मान डोलावली. मर्सीनं परत करायला लावलं, त्याच्या डोळ्यांत बघत राहिली, आणि म्हणाली, "आज नहीं."

"काय झालं? थोडी सर्दी तर हाय!"

"थोड़ी सर्दी से ही कान फटता है. कल देखेंगे, नहीं तो परसों सुबह. परसों के बाद नहीं, फिर आपका फ्लाइट है."

सर्दीची गोळी घेतो म्हणाला, तर तेही नको म्हणाली. वाफ घ्या, आराम करा.

कोंडूच्या जिवाची नुसती तगमग झाली. समुद्र समोर, लोक रबरी पोशाख घालून हसत हसत पाण्यात शिरतायत, आणि हा टॉवेल डोक्यावर घेऊन वाफ ओढतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी कान तसाच होता. मर्सीनं पुन्हा मान हलवली. उरला एकच दिवस.

रेश्मा नाश्त्याचं बघायला गेली तेव्हा कोंडू किनाऱ्यानं चालत सुटला. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं असं त्यानं नंतर सांगितलं, पण ते तितकंसं खरं नव्हतं. दोन वळणं पुढं एका छत्रीखालून ओळखीचा मधाळ आवाज आला, "आओ अंकल, स्कूबा करना है? सब हो जाएगा!"

सर्दी आहे, असं कोंडूनं प्रामाणिकपणे सांगितलं. "हो जाएगा." परवा विमान आहे. "अरे अंकल, कल भी फ्लाइट होता तो चलता." आणि बघता बघता कोंडूच्या अंगावर पोशाख चढला, कमरेला बुडायला शिशाच्या वजनांचा पट्टा आला, डोळ्यांवर काच आली. आता! आता दिसणार! किनाऱ्याला लागलेल्या होडीत आणखी चार पाहुणे बसले होते, सगळे त्याच्यासारखेच नवखे. पाणी जेमतेम गुडघाभर होतं.

होडीत पाय टाकला आणि कोंडूचा हात आपसूक कमरेकडे गेला. दोर चाचपायची जन्माची सवय. दोर अर्थातच नव्हता. त्यानं आजूबाजूला बघितलं. होडीत शिकवणारा माणूस एकच, तोही फोनवर बोलत.

"मेरे साथ कौन?" कोंडूनं विचारलं.

"मैं हूँ ना, अंकल."

"और इन के साथ?"

"मैं ही."

"मग मेरे साथ कौन?"

माणूस हसला. त्याला प्रश्न कळला नाही, किंवा समजून घ्यायचा नव्हता. "अरे अंकल, नीचे सब साथ में ही रहते हैं." आणि तो पुन्हा फोनवर बोलायला लागला.

कोंडूनं दुसरा पाय उचलला नाही. एक पाय होडीत, एक पाण्यात. मन म्हणत होतं, बस, एवढा आलास, बस. बाकीची चार माणसं बसलीच होती की. पण ज्याचं चित्त दुसरीकडे आहे अशा माणसाच्या भरवशावर तो गावातल्या उथळ विहिरीतही कधी उतरला नव्हता. त्यानं पाय मागं घेतला, काच काढली, पट्टा सोडून होडीत ठेवला. "नाय जमणार," तो मराठीतच म्हणाला आणि वाळूवर येऊन बसला.

होडी गेली. तासाभरानं परत आली, तेव्हा ते चारही जण खिदळत उतरले. एकालाही काही झालं नव्हतं. एक बाई तर आनंदानं नाचत होती. कोंडूला वाटलं, आपण अडाणी ते अडाणीच. हातची संधी गेली. उद्या कान उघडला नाही तर वैशाखऱ्याला जाऊन काय सांगायचं? बोट पाहिली, नारळ पाहिले?

रेश्मा शोधत शोधत तिथं आली. धावल्यामुळे तिला धाप लागली होती. त्याचे भिजलेले पाय, बाजूला पडलेला पोशाख आणि छत्रीखालचा माणूस पाहून तिला सगळं कळलं.

"गेला होतात?"

"नाय. होडीत पाय टाकला आणि उतरलो."

"बाबा, तुम्हाला काही झालं असतं तर आईला मी काय सांगितलं असतं?" कोंडूनं तिला इतकी संतापलेली कधी पाहिली नव्हती, आणि संतापाखाली ती किती भ्यायली होती ते त्याला दिसत होतं.

"चुकलो," तो म्हणाला. "पण उतरलो ना गो? स्वतःहून उतरलो." मग म्हणाला, "ती तुझी मर्सी, ती माझ्या येकट्याबरोबर राहनार ना? नक्की?"

"नक्की."

"मग चल. वाफ घेऊ."

त्या दिवशी कोंडूनं इतकी वाफ घेतली की हॉटेलचा स्वयंपाकी पातेलं घेऊन आपणहून दारात यायला लागला. शेवटच्या वेळी त्यानं पाण्यात ओवा टाकून आणला. त्याचीही आई असंच करायची म्हणे.

सकाळी उठल्या उठल्या कोंडूनं नाक धरून फुंकलं. एक कान सुटला. दुसरा... कुईं करून बारीक आवाज झाला, आणि सुटला! त्यानं शेजारच्या खोलीचं दार असं बडवलं की रेश्मा घाबरून उठली. "सुटला! दोनी सुटले! चल, आवर लवकर!"

मर्सीनं दोनदा तपासलं, तीनदा तपासलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मोठं हसू आलं. "चलो अंकल."

छातीभर पाण्यात उभं राहून तिनं त्याला नळीतून श्वास घ्यायला शिकवलं. काचेत पाणी शिरलं तर बाहेर कसं काढायचं ते शिकवलं. हाताच्या खुणा शिकवल्या. अंगठा आणि बोट जोडून गोल केला तर सगळं ठीक. नुसता अंगठा वर केला तर मला वर घेऊन चल. कोंडूनं मान डोलावली. मग तिनं त्याच्या टाकीला मागून धरलं, आणि ती दोघं हळूहळू खाली गेली.

पहिल्यांदा त्यानं श्वास रोखलाच. मर्सी समोर आली, त्याच्या छातीवर टकटक केलं आणि बुडबुड्यांकडे बोट दाखवलं. त्यानं सोडला. भुरभुर करत बुडबुडे वर गेले. घेतला. पाण्याखाली श्वास घेतला! कान दुखला, त्यानं नाक धरून फुंकलं, सुटला. आणि मग त्यानं खाली बघितलं.

सगळं दिसत होतं. वाळूवरची रेघ न् रेघ दिसत होती. स्वतःचे पाय दिसत होते, त्यातली जुनी भेगाळलेली टाच दिसत होती. खडकावर फांद्या फुटल्यासारखी पोवळी, आणि त्यांत हळदीसारखे पिवळे मासे. एक भलामोठा शिंपला ओठ उघडून बसला होता, आणि ते ओठ निळेजांभळे, मखमली. कोंडू जवळ गेला तसा शिंपल्यानं ते चटकन मिटले. एवढ्यात समोरून हिरव्या माशांचा थवा आला, कापणीच्या वेळी भातावर पोपट उतरतात तसा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. कोंडूला राहवेना. त्यानं मर्सीकडे वळून, झकास! म्हणून अंगठा वर केला.

मर्सीनं त्याला लगेच वर आणलं.

"क्या हुआ? कान?"

"काय झालं? काय नाय झालं! मस्त! लय मस्त!"

"तो अंगूठा क्यों दिखाया?"

"मस्त हाय म्हनून!"

पुन्हा खाली गेली. आणि एक पट्टेरी मासा कोंडूच्या काचेसमोर येऊन त्याला असा न्याहाळायला लागला, जणू पाहुणा कुठला ते विचारतोय. कोंडूचा अंगठा पुन्हा वर. पुन्हा दोघं वर. या वेळी मर्सी इतकी हसली की तिला शेजारी नांगरलेल्या होडक्याचा दोर धरावा लागला. तिसऱ्यांदा खाली जाताना तिनं त्याचा अंगठा आपल्या मुठीतच पकडून ठेवला. तो हसायला लागला, तसं हसण्यानं काचेत पाणी शिरलं. शिकवल्याप्रमाणं त्यानं नाकातून हवा सोडून ते काढलं, आणि समोर पुन्हा सगळं लख्ख झालं.

शेवटी तो वर आला. रेश्मा कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. "काय बघितलंत? सांगा ना!" त्यानं तोंड उघडलं, हात हलवले, आणि तिच्याकडे बघून नुसता हसला.

मग रेश्माची पाळी. मर्सी तिला घेऊन खाली गेली आणि कोंडू काठाला उरला. थोडा वेळ तो ऐटीत उभा होता. मग त्याला दोघींचे बुडबुडे दिसेनासे झाले, तशी ऐट गेली. दिसले, तेव्हा ते जरा लांबच वाटले. त्यानं तिथल्या होडीवाल्याला विचारलं, किती वेळ झाला? थोड्या वेळानं परत विचारलं. होडीवाला म्हणाला, अंकल, आत्ताच तर गेल्या. कोंडू पाण्यात आणखी दोन पावलं पुढं गेला, आणि नजर न हलवता उभा राहिला.

रेश्माचं डोकं पाण्यावर आलं, तिनं तोंडातली नळी काढली आणि ती किंचाळलीच, "बाबा! कासव! माझ्या डोक्यावरून गेलं, एवढं मोठं!"

"कासव? मला नाय दिसलं! पन तुला शिंपला दिसला? निळा?"

"शिंपला नाही, पण एक मासा होता, त्याच्या अंगावर..."

"पट्टे! त्योच! त्यो माझ्या तोंडासमोर आला व्हता!"

अंग पुसायलाही कोणी थांबलं नाही. तिथंच वाळूवर बसून त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सकुबाई आली, मागं गोठा, हातात वैरण. कोंडूनं शिंपल्यापासून सुरुवात केली, रेश्मानं कासवापासून. तो हातानं ओठ मिटून दाखवत होता, ती हात पसरून कासवाचं माप दाखवत होती.

"येका वेळी येकानं बोला!" सकुबाई ओरडली. "मला काय बी कळत नाय!"

पण थांबायला दोघांपैकी कोणीच तयार नव्हतं.